पाय धुतले, ताट पुढे गेलं

आमच्या चर्चच्या सेवा-सहलीसाठी नंदुरबार ठरलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. मी इंग्लंडातल्या एका थंड गावात नर्स आहे, पण माझा जन्म नंदुरबार तालुक्यातला, आणि माय अजून तिथल्याच गावात भावाकडे राहते. म्हणजे बाकीचे परदेशात सेवेला निघाले होते आणि मी माहेरी. अंगात मात्र सगळ्यांच्या सारखेच निळे टी-शर्ट होते आणि पाठीवर इंग्रजीत लिहिलं होतं की आम्हाला सेवेसाठी पाठवलेलं आहे. माहेरी जायला मला कुणी पाठवावं लागेल, असं आयुष्यात वाटलं नव्हतं.

आमचे तिकडचे पाळक, त्यांना मी पास्टरच म्हणेन, फार मऊ माणूस. बोलताना समोरच्याचा हात हातात धरतात आणि बोलणं संपलं तरी सोडत नाहीत. नंदुरबारच्या हॉटेलात रोज जेवणानंतर ते आम्हाला गोल बसवत आणि एकच प्रश्न विचारत, आज तुम्हाला देव कुठे दिसला? कुणाला तो मेंढपाळाच्या डोळ्यांत दिसायचा, कुणाला चुलीच्या धुरात. एका बाईला मिरचीच्या पथारीवर दिसला. नंदुरबारबाहेर मैदानात लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात, त्या पथारीवर बाया दिवसभर ओणव्या बसून देठ खुडतात आणि रात्री हातांची आग थांबावी म्हणून पीठ चोळतात. माझ्या मायचा जन्म त्यात गेला. ही बाई म्हणाली, एवढ्या कष्टात त्या किती आनंदी होत्या, त्यांच्याकडे काहीच नाही तरी. मी म्हटलं, त्या तुमच्या टोपीला हसत होत्या. पास्टरांनी माझा हात धरला आणि म्हणाले, तुझ्या मनात थोडा कडवटपणा दिसतोय, आपण त्याच्यासाठी प्रार्थना करू. आणि सगळ्यांनी डोळे मिटून केलीसुद्धा.

कडवटपणा होता, मी नाही कशाला म्हणू? पण त्याचं कारण त्या बाईची टोपी नव्हती.

माय मागच्या पावसाळ्यात पडली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. तेव्हापासून ती ओसरीत बाजेवर पडून असते. पहिल्या दिवशी आम्ही सगळे घरी गेलो, तर तिने मला जवळ बसवलं, माझ्या टी-शर्टची बाही चिमटीत धरली आणि विचारलं, "सम्दासनी एकच रंगना कपडा काब्र घालात? बँडवाला शेतस का?"

मी हसले. कुणीतरी भाषांतर मागितलं, तेव्हा सांगितलं की तिला रंग आवडला.

मग सगळे वहिनीच्या चहाचे कप हातात धरून मागीलदारी गेले, आणि चहा तिथल्या अळूला घातला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. माय हलक्या आवाजात म्हणाली, "तुन्हा साहेब मोठा शे ना? त्याले सांग, माले प्रभुभोजन दे म्हनीसन."

हे असं होतं. माझा बाप म्हातारपणी ख्रिस्ती झालेला. शेवटच्या दुखण्यात त्याला लहानपणचा देव आठवला आणि त्याने भगताला बोलवायचा हट्ट धरला. मायने बोलावलं. दुपारी भगत आला, दाणे टाकून पाहिले, नारळ फोडला आणि गेला. थोड्याच दिवसांत बाप वारला. चर्चच्या मंडळीने त्याला मूठमाती दिली, त्याच्यासाठी गाणीही म्हटली. मेलेल्या माणसाला कोण शिक्षा करणार? शिक्षा जिवंत बाईला झाली. मायला 'बंद' केलं. आमच्याकडे चर्चमध्ये कुणाची चूक झाली की पंच त्याला बंद करतात. उपासनेला या, गाणी म्हणा, दान द्या, पण पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचं, ताट फिरतं ते तुमच्यापुढे थांबत नाही. पुन्हा चालू व्हायचं तर सगळ्या मंडळीसमोर उभं राहून पाप कबूल करायचं.

माय कबूल करेना. "तुन्हा बापनी मांगं, मी दिनं. त्यामा कसानं पाप?" एवढंच तिचं म्हणणं. आणि आता तर कबूल करायचं म्हटलं तरी उभं कोण राहणार? तिला मरणाची भीती नव्हती. ताटाशिवाय मरण्याची होती. मेल्यावर वरच्या दारावरही पंचच बसलेले असतील, अशी तिची पक्की समजूत होती.

मी आधी गावच्या पाळकसाहेबांकडे गेले. ते माझ्याच शाळेत पुढच्या वर्गात होते. त्यांनी खुर्ची दिली, इंग्लंडच्या हवेची चौकशी केली आणि म्हणाले, "बाई, आज तुमच्या आईला सूट दिली, तर उद्या होळीला नाचून आलेले सगळे ताटासमोर हात पसरतील. त्यांना काय सांगू? नियम म्हणजे नियम." बाजेवरून कबूल केलं तर चालेल, एवढी सवलत त्यांनी पंचांना न विचारता दिली. मी घरी येऊन मायला सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. दादा चिडून म्हणाला, "दोन शबद बोलाना शेतस. बोली टाक ना, माय."

"मी खोटं बोलीसन खावाव नही," माय भिंतीला म्हणाली.

म्हणजे तिला खोटं बोलून प्रभुभोजन नको होतं आणि त्याशिवाय ते मिळणार नव्हतं. इकडे आड तिकडे विहीर. त्या रात्री हॉटेलच्या खोलीत मी गुडघे टेकले आणि देवाला विचारलं, तुला तुझी भाकर वाटायला पंचांची चिठ्ठी कधीपासून लागते? माझा विश्वास तिकडे हीटर लावलेल्या चर्चमध्ये, गाद्यांच्या बाकांवर, कॉफीच्या वासात सुखाने वाढलेला. त्याला असल्या प्रश्नांची सवय नव्हती. शेजारच्या पलंगावरच्या टोपीवाल्या बाईने झोपेत कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी मी पास्टरांना गाठलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, सरळ मागितलं. रविवारी संयुक्त उपासना होती, भाकर तेच मोडणार होते. म्हटलं, उपासनेनंतर दहा मिनिटं माझ्या घरी चला. कुणाला कळायचंही नाही.

त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाले की आपण इथे पाहुणे आहोत, स्थानिक मंडळीच्या शिस्तीत हात घालणं म्हणजे जुन्या मिशनरी साहेबांसारखं वागणं होईल, आणि त्यांना ते पाप पुन्हा करायचं नाही. इतका सभ्य नकार देणारा माणूस मी पाहिला नव्हता. इथेच घोडं पेंड खात होतं. माझ्या मायच्या बापाला कुठला देव मानायचा हे सांगताना त्यांचे साहेब पाहुणे नव्हते. एका म्हातारीला पोळीचा तुकडा द्यायची वेळ आली तेव्हा हे पाहुणे झाले.

मी हे सगळं बोलून दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच त्यांना कल्पना सुचली, आणि तीच सगळ्यात वाईट झाली. ते म्हणाले, प्रभुभोजन देता येत नसलं तरी आपण तिचा सन्मान करू. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तसे आपण रविवारी गावातल्या म्हाताऱ्या बायांचे पाय धुऊ. आणि पहिले पाय तुझ्या आईचे.

मायला मी सांगितलं की रविवारी तुला उपासनेच्या मांडवात नेणार आहोत. तिने विचारलं, साहेब देणार का? मी म्हटलं, माहीत नाही. ती खूश झाली. वहिनीकडून तिने पांढरं लुगडं काढून घेतलं आणि केसांना तेल लावून घेतलं. मला तिच्या त्या खुशीची इतकी चीड आली की मी बाहेर जाऊन उभी राहिले.

रविवारी चर्चसमोर मांडव घातला होता. बायांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मायला खुर्चीत बसवून पाहिलं, तर ती कळवळली. मग दादाने आणि शेजाऱ्यांनी घरून बाजच उचलून आणली. माय पांढऱ्या लुगड्यात, उताणी, डोकं चर्चच्या दाराकडे आणि पाय लोकांकडे. पास्टर स्टीलचा तांब्या घेऊन बाजेच्या पायथ्याशी गुडघ्यांवर बसले. पाय धुतले, पुसले, कपाळ टेकवलं. मग उठून बाजूला झाले आणि मागून आमचे निळे लोक रांगेने एकेक येऊ लागले. प्रत्येकाने तांब्याने थोडं पाणी पायांवर घालायचं, वाकायचं, आणि पुढे सरकायचं.

तिसऱ्या माणसाला माझ्या लक्षात आलं. तोवर मांडवातल्या सगळ्या बायांच्या लक्षात आलेलं होतं. बाजेवर निजलेल्या माणसाच्या पायांवर गाव असं रांगेने पाणी घालतं ते एकदाच, उचलण्याआधी. बायांनी पदर तोंडाला लावले. शेजारची म्हातारी, मायबरोबर जन्मभर पथारीवर बसलेली, उठून उभी राहिली. "आये माय, जित्ती बाईना पाय धुई ऱ्हायनात वं," ती म्हणाली आणि तिने गळा काढला. एकीचं ऐकून दुसरी, दुसरीचं ऐकून सगळ्या. मयताच्या घरी रडतात तशा बाया सूर धरून रडायला लागल्या.

आमच्या लोकांना वाटलं, पवित्र आत्मा उतरला. तेही रडायला लागले. टोपीवाली बाई ढसाढसा रडत माझ्या खांद्यावर पडली. एक जण मोबाइलवर सगळं टिपत होता, त्याचेही गाल ओले होते. रांगेसाठी भरून आणलेला दुसरा तांब्या हातात घेऊनच मी पास्टरांजवळ गेले आणि सांगितलं की थांबवा, इथे असं फक्त मेलेल्याला करतात. त्यांनी डोळे उघडले नाहीत. पुटपुटले, हो, हो, आपण सगळेच आपल्या मीपणाला मेलेले. पाळकसाहेबांना तर सगळं कळत होतं. ते पाहुण्यांना कसं सांगावं म्हणून मूग गिळून उभे होते. त्या दोघांचा मला इतका तिटकारा आला की हातातला तांब्या त्यांच्या अंगावर फेकावासा वाटला. मी तो खाली ठेवला. शेवटी नर्सच मी, सांडलवंड आपल्यालाच पुसावी लागते हे अंगात मुरलेलं.

माय डोळे उघडे ठेवून मांडवाच्या कापडाकडे बघत होती. मी तिच्या उशाशी बसले. ती शांतपणे म्हणाली, "त्यासले सांग, मी आजून जित्ती शे. आन पानी थंड शे."

मी पायांवर शाल टाकली. रांग संपली. रडणं हळूहळू थांबलं. गाणं झालं, आणि पास्टरांनी ताट उचलून आशीर्वाद मागितला. गव्हाच्या पोळीचे बारीक तुकडे, आणि लहान पेल्यांत लाल रस. पंच ताटं घेऊन रांगांतून फिरू लागले. आमच्या बाजूला आलेला पंच नात्याने माझा मामा लागतो. मायने उशीवरून मान थोडी उचलली आणि हात पुढे केला, तळवा वर करून. मिरचीने कातडं गेलेला, गुळगुळीत झालेला हात. मामाने ताट तिच्या हातावरून उचलून पलीकडे माझ्यापुढे धरलं. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही, फक्त त्याची मान लाल झाली होती. ताटाखाली तिचा हात तसाच राहिला.

मी एक तुकडा घेतला. मामा पुढे गेला. त्या क्षणी मला देव आहे की नाही याची पर्वा नव्हती, पंचांची नव्हती, पास्टरांची नव्हती. मी तुकडा मायच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं मिटवली.

तिने मूठ उघडून तो जवळ धरून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी चुकीचं वाणसामान दुकानातून आणलं की ती असंच पाहायची, रागाने नाही, थकून. तिने तुकडा माझ्या हातात परत दिला.

"तू दिनी त ती निस्ती पोळीच ना," ती म्हणाली. "खाई ले. तुले लांब जानं शे."

पुढून पास्टर म्हणाले की आता सगळ्यांनी मिळून घेऊ या, आणि सगळ्यांनी हात तोंडाकडे नेले. मीही नेला. मायने मी गिळेपर्यंत पाहिलं आणि मग मान पलीकडे वळवली.