मागच्या सीटवरचं वजन

आधीच सांगते, मी पंचवीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलंय. घरात भांडं आपोआप पडलं तर मी ओट्याचा उतार बघते. 'अनुभव आला' असं कुणी म्हणालं की माझ्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते माझ्या जावांना विचारा. त्यामुळे हे लिहायला बसताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण झालं ते जसं झालं तसं लिहिते...

आम्ही मूळचे मिरजेचे. माझ्या यजमानांना बेंगळुरूत सरकारी कारखान्यात इंजिनिअरची नोकरी होती, म्हणून लग्नानंतर मी इथे के. आर. पुरमला आले. यांची एक निळी स्कूटर होती. जुनी टू-स्ट्रोक, हँडल पिळून गिअर टाकायची, पुढे-मागे दोन वेगळ्या स्प्रिंगच्या सीट. अशा स्कूटरवाल्यांचा इथे एक ग्रुप आहे. रविवारी सकाळी जमायचं, इडली-वडा खायचा आणि कार्बोरेटरवर तासभर बोलायचं. वर्षातून एकदा सगळ्यांची मोठी राइड निघते. हे एकही चुकवायचे नाहीत, आणि मागे मी.

यांनी मला स्कूटर शिकवली नाही. म्हणजे एकदा प्रयत्न केला, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. कॉलनीच्या वळणावर मी पडले आणि कोपराचं हाड मोडलं. प्लॅस्टर होतं तोवर रोज सकाळी हेच माझी वेणी घालायचे, वाकडी-तिकडी. पण स्कूटरचा विषय कायमचा बंद. "पुन्हा नाव काढायचं नाही," म्हणाले. मला वाटलं, रागावलेत. हे घाबरले होते, ते मला फार उशिरा कळलं.

मागच्या वर्षी हे गेले. हार्टचं निमित्त, दोन दिवसांत सगळं संपलं. स्कूटर पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी राहिली. माझा मुलगा निखिल इथेच, एचएसआर लेआउटला राहतो. तो एक दिवस म्हणाला, "आई, चेन्नईचे जुन्या स्कूटर जमवणारे एकजण मागतायत. खूप प्रेमाने ठेवतील. नुसती उभी राहून ती गंजेल गं."

त्याचं बरोबर होतं. मी हो म्हटलं. "फक्त यंदाची राइड होऊ दे."

ग्रुपमधले मंजुनाथ मेकॅनिक आहेत, यांची स्कूटर वर्षानुवर्षं त्यांच्याच हातची. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "अक्का, मी चालवतो, तुम्ही नेहमीसारख्या मागे बसा."

"मागे नाही बसायचं," मी म्हटलं. "मला शिकवा."

 "सरी अक्का, शिकवतो. उद्या सकाळी सहाला ग्राउंडवर."

दोन महिने शिकले. एकसष्टाव्या वर्षी लायसन्सची टेस्ट दिली! सगळं जमलं, फक्त चढावर थांबून पुन्हा निघणं काही केल्या जमेना. क्लच सुटला की गाडी बंद.

राइडच्या दिवशी सकाळी सात वाजता इंदिरानगरहून निघालो, होसकोटेपुढच्या एका तळ्यापर्यंत जायचं होतं. सगळ्यांच्या मागे मंजुनाथ, कुणी मागे राहू नये म्हणून, आणि त्यांच्या पुढे मी. के. आर. पुरमच्या पुलाच्या चढावर ट्रॅफिक थांबलं, आणि व्हायचं तेच झालं. गाडी बंद. मागून बसचा हॉर्न.  कशीबशी किक मारली, गिअर टाकला, गाडी हलली...

आणि मागची सीट करकरली.

ही सीट कशी करकरते, ते मी तीस वर्षं ऐकलंय. कुणी बसलं की एकदा, आणि ते सावरून बसलं की पुन्हा एकदा. दोन्ही आवाज आले. गाडी मागून खाली गेली, हँडल हलकं झालं. पहिला विचार आला तो पंक्चरचा. पण पंक्चर झालं की गाडी लचकते, ही सरळ चालली होती. आरशात पाहिलं, तर नुसता रस्ता.

टू-व्हीलरवर मागे बसलेल्याने वळणावर गाडीबरोबर झुकायचं असतं. मला यांनीच शिकवलं होतं ते. पण माझ्या मागचं हे वजन प्रत्येक वळणावर आखडत होतं, उलट्या बाजूला ओढत होतं. आयुष्यात कधी कुणाच्या मागे न बसलेला माणूस बसतो ना, अगदी तसं! मला भीती वाटली नाही. खरं सांगू? मला हसू आलं. मी हेल्मेटच्या आत पुटपुटले, "अहो, सैल बसा जरा. नाही पाडत."

होसकोटे मागे पडलं, दोन्हीकडे शेतं सुरू झाली. एक लांब डावं वळण आलं. मी गाडी झुकवली... आणि मागचं वजन माझ्याबरोबर झुकलं. अलगद. पुढच्या वळणावरही. मग सगळ्या वळणांवर. डोळे भरून आले होते, तरी हँडल एकदाही हललं नाही.

तळ्याशी थांबले. मी अजून सीटवरच होते, तेवढ्यात सीट करकरली आणि गाडी मागून वर आली.

मी कुणाशी काही बोलले नव्हते. मंजुनाथ हेल्मेट काढत जवळ आले. "अक्का, स्वल्प थांबा. पुलापासून बघतोय, मागचा शॉक-अ‍ॅब्सॉर्बर पूर्ण दबलेला होता. डबल सीट असल्यासारखा." त्यांनी मागून दोनदा दाबून पाहिलं, चाकाची हवा तपासली. सगळं ठीक.  मग ते माझ्यासाठी कॉफी आणायला गेले.

निखिल म्हणतो, जुनी स्प्रिंग आहे, अडकली असेल, मग सुटली. शक्य आहे. फिजिक्सची बाई म्हणून मी ते मान्यही करते. पण अडकलेली स्प्रिंग वळणावर आखडत नाही. आणि हळूहळू विश्वास ठेवायला शिकत नाही. 

राइडच्याच दिवशी संध्याकाळी, हे सगळं ऐकल्यावर, निखिलने स्वतःच चेन्नईला फोन करून स्कूटर विकायची नाही असं सांगितलं. आता मी दर रविवारी जाते. मागची सीट तेव्हापासून रिकामी आहे, एकदाही करकरली नाही. मी वाटही बघत नाही.

पण पुढे खड्डा दिसला, की मी अजूनही दोघं बसलोय असं धरूनच गाडी हळू करते.