बोटीच्या शेडीचं गाऱ्हाणं

भार्गवीने मधूकाका आरोलकरांना पहिल्यांदा पाहिलं ते फक्त कमरेपासून खाली. कमरेच्या वरचे मधूकाका एका डॉल्फिनच्या तोंडात होते.

हा डॉल्फिन फायबरचा, निळाजांभळा, हसरा आणि पोटात कचरा साठवणारा. वेंगुर्ल्याच्या बंदरावर महोत्सव समितीने पर्यटकांसाठी असे चार बसवले होते. त्यातल्या एकाच्या जबड्यात डोकं आणि दोन्ही हात घालून मधूकाका आतल्या मालाचा पंचनामा करत होते, आणि एकेक वस्तू सापडली की ती टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. पोकळ पोटात तो आवाज असा घुमत होता की पुढे भार्गवी ही हकीगत सांगायची तेव्हा तिच्यात जेटीवर सुकत घातलेले बांगडे आपोआप कुशीवर वळायचे, दीपगृहातला दिवा सकाळी साडेनऊला लागायचा, आणि विजयदुर्गाकडे तोंड करून बसलेले बगळे उठून गोव्याकडे तोंड करून बसायचे. हकीगत जितक्यांदा सांगितली तितके बगळे वाढत गेले.

शेवटी काका बाहेर आले. हातात कागदी ताटली, ताटलीत अर्धवट खाल्लेली तळलेली सुरमई, आणि तिच्या पाठीवर विझवलेली सिगरेट. एवढ्या आवाजाचा धनी कुठे आहे हे बघायला भार्गवीने त्यांच्या मागे पाहिलं, कारण समोरचा माणूस पाच फुटांनाही दोन बोटं कमी होता आणि त्याची मनगटं चवळीच्या शेंगांसारखी होती.

“सुरमयेत सिगरेट विझयल्यानी,” काका म्हणाले. मग तिच्याकडे बघून, “तू खंयची गो?”

“माणगावची.”

“म्हणजे समुद्र बघूचो पगार घेतंस.”

ते काही खोटं नव्हतं. भार्गवीच्या घरी भात आणि काजू. समुद्र म्हणजे पाहुणे आले की त्यांना दाखवायला न्यायची गोष्ट. समितीने तिला सहा महिन्यांसाठी नेमलं होतं. ‘तेव्हाचं वेंगुर्लं’ नावाचा तीन दिवसांचा महोत्सव भरायचा होता आणि त्यासाठी जुन्या माणसांच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड करून आणायच्या होत्या. यादीतल्या दहा जणांकडे ती जाऊन आली होती. दहाही जणांनी ‘काय ते दिवस’ म्हणून डोळे पुसले, कोकम सरबत पाजलं आणि नक्की काय ते दिवस हे एकालाही सांगता आलं नाही. अकरावं नाव मधूकाकांचं. त्यापुढे समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे दोन रिसॉर्टांचे मालक जितेंद्र यांनी, लाल शाईने लिहून ठेवलं होतं: थुंकतो.

मधूकाका थुंकत नसत. ते ‘शी’ म्हणत. पण ज्या जोराने म्हणत त्यात ऐकणाऱ्याला थोडं भिजल्यासारखं वाटे.

हे ‘शी’ त्या दिवशी भार्गवीला बंदरापासून बाजारापर्यंत बावीस वेळा ऐकायला मिळालं. ‘अस्सल मालवणी’ अशी पाटी लावून पनीर बुर्जी विकणाऱ्या हॉटेलला एक शी. सोलकढीत गुलाबी रंग घालणाऱ्याला दोन. वाळूत चाकं रुतवून मदतीसाठी हॉर्न वाजवणाऱ्या गाडीवाल्याला एक लांबलचक शी, जी गाडी निघेपर्यंत पुरली. मासळीच्या बाजारात तर काकांनी एका कोळंबीकडे नुसतं पाहिलं, तेव्हा विकणारी बाई न विचारता म्हणाली, “बर्फातली आसा काका, तुमच्यासाठी नाय ती.” पुतळे, झेंडे, दिवे, वाढदिवसाचे फलक, त्या फलकांवरचे चेहरे, कशालाही माफी नव्हती. भार्गवीला आधी हसू आलं, मग कंटाळा आला, आणि संध्याकाळी घरमालकिणीने चहासोबत आणून दिलेली गुलाबी सोलकढी बघून तिच्याच तोंडून ‘शी’ निघालं, तेव्हा आपल्याला हा आजार लागलाय हे तिला कळलं.

मधूकाका तरुणपणी बोटीच्या कचेरीत तिकिटं द्यायला होते. मुंबईहून बोट यायची, खोल पाण्यात थांबायची, आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या, नवऱ्या मुली, सगळं पडावातून किनाऱ्याला लागायचं. बंदरावर जांभ्या दगडाची, नळ्यांच्या कौलांची एक शेड होती. तिच्यात एक खिडकी, खिडकीच्या आत मधूकाका. बोट बंद झाली तोवर त्यांची नोकरी अकरा वर्षांची झाली होती. त्यानंतर त्यांनी सत्तावीस वर्षं काजूच्या कारखान्यात वजनं केली, पण त्या सत्तावीस वर्षांबद्दल ते कधी बोलत नसत. विचारलं तर म्हणत, काजूत सांगण्यासारखं काय असतं.

बोटीबद्दल मात्र त्यांना सगळं आठवत होतं, आणि तेही इतरांसारखं साखर घालून नव्हे. पहिला भोंगा झाला की बाजारातली अर्धी दुकानं बंद व्हायची, कारण कोण आलं हे बघायला दुकानदारच बंदरावर. पडावातून उतरणाऱ्याच्या चेहऱ्यावरून तो मुंबईत टिकला की आपटला हे खिडकीतून कळायचं. मनीऑर्डर वेळेवर पाठवणारा मुलगा ताठ उतरायचा, न पाठवणारा बापासाठी छत्री घेऊन उतरायचा. छत्र्या फार यायच्या, काका म्हणाले.

भार्गवीला हे ऐकून बरं वाटलं. फोन काकांच्या तोंडापुढे धरून ती त्यांच्या ओटीवर बसली असताना आतून नर्मदाकाकी नारळ खवत ऐकत होत्या. त्यांनी चाळीस वर्षांत पन्नास हजार वेळा ऐकलेली गोष्ट एकदाच सुधारली.

“बोटीत बसलंय काय माका ओकाऱ्यो सुरू,” त्या म्हणाल्या. “डिझेलचो वास, सुक्या म्हावऱ्याचो वास, आणि शेजारच्या बाईचो पोर माझ्या मांडयेर. ह्येंका ती बोट इतकी आवडता, कारण ह्ये तिच्यात कधी बसलेच नाय.”

भार्गवीने काकांकडे पाहिलं. काका समुद्राकडे बघत होते. अकरा वर्षं दुसऱ्यांना तिकिटं देणारा माणूस स्वतः एकदाही बोटीत चढला नव्हता. “खिडकी कोण सांभाळणार होता?” ते म्हणाले.

खिडकी ते अजूनही सांभाळत होते. रोज सकाळी सातला हातात झाडू घेऊन ते बंदरावर जात. शेड झाडत, भिंतीला टेकलेला लाकडी बाक पुसत, रात्री कुणी बाटल्या ठेवल्या असतील तर त्या शिव्यांसकट उचलत, आणि खिडकीची फळी अर्धा तास वर करून आत उभे राहत. बोट बंद होऊन जमाना लोटला होता. पण शेड उभी आहे तोवर आपलं वेंगुर्लं पुरतं बुडालं नाही, असा त्यांचा हिशेब होता. बाकी सगळ्या गावाची शिसारी सोसायला त्यांना तेवढी एक जागा पुरत होती.

म्हणूनच समितीच्या कचेरीत महोत्सवाचा नकाशा बघताना भार्गवीने बंदराचा कोपरा दोनदा वाचला. नकाशात शेडीच्या जागी दोनशे गाड्यांची पार्किंगची जागा होती. आणि पार्किंगच्या कडेला, प्लायवूडची, रंगवलेली, मागून लोखंडी टेकू दिलेली ‘जुनी बोटीची शेड (प्रतिकृती)’. तिच्या खिडकीत पर्यटकांनी उभं राहून फोटो काढायचे होते.

खरी शेड पाडून तिचंच चित्र कशाला उभं करता, असं तिने विचारलं तेव्हा जितेंद्र प्रेमाने हसले. खरी शेड फोटोत जुनी दिसते, असं त्यांचं म्हणणं होतं.

तिने हे काकांना सांगितलं. तिला वाटलं, आता वेंगुर्ल्यात नुसते बगळे नव्हे, माणसंही तोंड फिरवतील इतकी मोठी शी होणार. काकांनी नुसता झाडू भिंतीला टेकवला आणि चपला घालून ते सरळ समितीच्या कचेरीत गेले. तिथे जितेंद्रांनी त्यांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि तक्रार तोंडातून बाहेर पडायच्या आधीच विनंती केली. कामाचा नारळ फुटायचा होता, सारं गाव जमणार होतं, देवाला गाऱ्हाणं घालायला माणूस हवा होता.

“काकानू, गाऱ्हाणां तुमीच घालूक व्हया,” जितेंद्र म्हणाले. “तुमच्यासारखो आवाज हय कोणाचो नाय.”

काका पंख्याकडे बघत हो म्हणाले.

त्या रात्री भार्गवी जेवली नाही. बावीस वेळा शी म्हणणारा माणूस मानाच्या एका शालीवर आणि अर्ध्या नारळावर विकला गेला, हे तिच्या गळ्याखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी काकांनी रस्त्यात हाक मारली, तर तिने न ऐकल्यासारखं केलं.

नारळ फोडायच्या दिवशी बंदरावर पाचसहाशे माणसं होती. समितीचे लोक पांढऱ्या कपड्यांत पुढे, पहारी घेतलेले गावातलेच सहा मजूर कडेला, मागे बायका. मधूकाकांनी शेडीच्या दारात विडा आणि नारळ ठेवला, हात जोडले आणि डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले. गाऱ्हाणं सुरू झालं की सिंधुदुर्गात कुठेही माणसाचे हात आपोआप जुळतात आणि मान खाली जाते. पुढचं काम कान आणि तोंड दोघंच करतात, डोक्याला त्यात कुणी बोलावत नाही.

“बा देवा म्हाराजा,” काकांनी सुरुवात केली, आणि लाउडस्पीकर बंद असूनही आवाज जेटीच्या टोकाला पोचला. “आज ह्या ठिकाणी जो नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे.”

“व्हय म्हाराजा,” सगळं बंदर म्हणालं.

“लेकराबाळांक सुखी ठेव, दर्यार गेलेल्यांक सुखरूप आण.”

“व्हय म्हाराजा.”

“ज्या बंदरान आमका पोसल्यान, तेच्याच तोंडार आमी घाण टाकली.”

“व्हय म्हाराजा.”

मागे भार्गवीने डोळे उघडले. एकटीनेच. पाचसहाशे माणसं हात जोडून, डोळे मिटून, भक्तीने आपली लाज कबूल करत होती.

“सुरमयेत सिगरेट विझवन आमी देवाच्या अन्नाची माती केली.”

“व्हय म्हाराजा.”

“सोलकढीत रंग घालून पावण्यांक फसयला.”

“व्हय म्हाराजा,” सर्वांत मोठ्याने जितेंद्र म्हणाले. त्यांच्या रिसॉर्टची सोलकढी गुलाबाच्या फुलालाही लाजवील अशी असे.

काकांचा आवाज जरा खाली आला. “ही शेड आमच्या वाडवडलांची. हिच्या एका चिऱ्याक आमी हात लावूचंव नाय. जो कोण लावीत, तेका तू बघून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

मग काकांनी चूकभूल पदरात घालायला सांगितली, नारळ उचलला आणि उंबऱ्यावर असा आपटला की पाणी जितेंद्रांच्या पांढऱ्या विजारीवर उडालं.

आधी मजुरांच्या लक्षात आलं. त्यातल्या सर्वांत म्हाताऱ्याने पहार जमिनीवर आडवी ठेवली, तिच्या पाया पडला आणि घरी निघाला. बाकीचे पाच त्याच्या मागून गेले. जितेंद्रांनी हाक मारली तर म्हातारा वळून एवढंच म्हणाला, “शेटानू, तुमीच व्हय म्हणालात मा?”

जितेंद्रांनी दुप्पट मजुरी सांगितली, तोंडवलीहून माणसं बोलावली, मालवणहून बोलावली. गाऱ्हाण्याची बातमी त्यांच्या आधी तिकडे पोचली होती. देवापुढे सगळ्या गावाने भरलेला होकार मोडायला जिल्ह्यातला एकही हात तयार होईना. भार्गवीने काकांच्या ओटीवर जाऊन माफी मागितली. काका शी म्हणाले, पण नेहमीपेक्षा कोरडं. नर्मदाकाकींनी तिला घावणे वाढले. शेडीची खिडकी सकाळी सातला उघडत राहिली, आणि कधी नव्हे ते दोनचार गावकरीही बाकावर येऊन बसू लागले. एकाने तर मुंबईचं एक तिकीट मागितलं. काकांनी त्याला सुटे पैसे आणायला सांगितलं.

असे एकोणीस दिवस गेले.

विसाव्या दिवशी घाटावरून एक जेसीबी आला. चालवणारा मराठवाड्यातला होता. त्याने गाऱ्हाणं ऐकलं नव्हतं, आणि कुणी ऐकवलं असतं तरी त्याला मालवणी येत नव्हती. बंदरावर दीडेकशे माणसं जमली. आपण बघितलं तर आपलाही हात लागला असं होईल, या भीतीने ती सगळी शेडीकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. कुणी खाली बघत होतं, कुणी फोनमध्ये. जेसीबीचा आवाज सुरू झाला तेव्हा त्यातल्या काहींनी हातही जोडले. भार्गवी त्या पाठींच्या रांगेकडे बघत राहिली, आणि डॉल्फिनच्या पोटात जे सापडायचं त्यापेक्षा घाण काहीतरी आपण बघतोय असं तिला वाटलं. प्लायवूडच्या शेडीशेजारी त्या वाजायला नकोत म्हणून तिने तिथल्या तिथे फोनमधल्या अकराही आठवणी पुसून टाकल्या.

काका झाडू हातात धरून जेटीवर उभे होते. ते शी म्हणाले नाहीत.

शेड अकरा मिनिटांत पडली. महोत्सव ठरलेल्या तारखेला झाला. मधूकाका आणि नर्मदाकाकी हल्ली कुडाळला मुलीकडे राहतात. तिथे समुद्र नाही.