गुलाबी फेट्यातला मिस्त्री

वडीगोद्रीला अंबडच्या बसची वाट पाहत मी ज्या टायरवाल्याच्या बाकड्यावर बसायचो, तो गेल्या महिन्यात वारला. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो मला गुरुजी म्हणायचा, मी त्याला मिस्त्री.

ट्रक थांबला की तो आधी टायरवरून तळहात फिरवायचा आणि मग ड्रायव्हरला चिडवायचा, "हवा किती कमी! उपाशी ठेवतो का रे याला?"

एका उन्हाळ्यात वऱ्हाडाचा ट्रक हवा भरायला थांबला. पुढचा टायर आतल्या कडेनं इतका झिजला होता की दोरे दिसत होते. मिस्त्रीनं सगळ्यांना खाली उतरवलं.

"चाक तिरपं पळून राह्यलं. असं जाऊ देनार न्हाई."

"मुहूर्त टळंल ना!" नवरदेवाचा बाप ओरडला.

"मुहूर्त दुसरा काढू, मामा. नवरदेव दुसरा कुठून आनायचा?"

बायका हसल्या, मग बापही हसला. वाजंत्र्यांनी तिथंच वाजवायला घेतलं आणि त्या तालावर मिस्त्रीनं स्टेपनी चढवली. पण चाकाचा तिरपेपणा तसाच होता, ट्रक हळू हाकायलाच हवा होता. ड्रायव्हरकडे एकदा पाहून मिस्त्री स्वतःच केबिनमध्ये चढला.

"गुरुजी, दुकान बघा. ह्यो बिलकुल हळू चालवनार न्हाई."

माझी बस हुकली.

दुसऱ्या दिवशी त्याच ट्रकमधून तो नवरानवरीबरोबर परतला. लग्न वेळेवर लागलं होतं. डोक्यावर मानाचा गुलाबी फेटा बांधूनच तो दिवसभर हवा भरत राहिला.

"मिस्त्री, काढा की आता फेटा," मी म्हणालो.

"कसा काढू, गुरुजी? मी नवरदेवाकडचा."