मामाची पिशवी

माझ्या मुलीला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. ती तान्ही असतानाच पांढरी पडू लागली, तेव्हा डॉक्टरांनी थॅलेसेमिया हा शब्द सांगितला. तो नीट म्हणायला मला वर्ष लागलं. तिच्या अंगात रक्त तयार होऊन टिकत नाही, बाहेरून द्यावं लागतं, एवढं मात्र तेव्हाच कळलं.

सकाळच्या एसटीने जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं, रक्ताची पिशवी मिळेपर्यंत बाकावर बसायचं आणि मग सुई. तिचे हात बारीक, शीर सापडायची नाही, दोन-तीनदा टोचावं लागायचं. ती चार वर्षांची असताना अशीच रडून लाल झाली होती. माझा धाकटा भाऊ बोटीवर खलाशी होता. तो त्या दिवशी रक्त देऊन, कोपरात कापूस धरून आत आला. रक्तपेढीत पिशव्या कमी असल्या की सिस्टर म्हणायच्या, घरचं कोणी असेल तर द्या. हिचे बाबा मुंबईला कामाला, म्हणून देणारा हा एकच. मी मुलीला म्हटलं, "रडू नको. ती बघ मामाची पिशवी. मामाचं रक्त येणार तुझ्यात."

ती गप्प झाली. पिशवीकडे बघत म्हणाली, "मामा, तुला दुखलं?"

"हट्! शिंगाळा माशाच्या काट्याला भीत नाय तुझा मामा, सुईला काय भितोय?"

त्या दिवसापासून प्रत्येक पिशवी मामाची झाली. तो समुद्रावर असला तरी मी सांगायचे, मामाने आधीच देऊन ठेवलंय. सुई टोचताना ती पिशवीवर नजर लावून बसायची आणि घरी येताना म्हणायची, "आज माझ्यात मामा आला. आता मला पोहता येणार." मी ज्या शेडमध्ये कोळंबी सोलते तिथल्या बायकांनाही हे माहीत होतं. "भाचीला रक्तावर वाढवतोय हो," असं त्या भावाला चिडवायच्या आणि तो लाजायचा. मला वाटायचं, तिला धीर येतोय, त्यालाही बरं वाटतंय, यात वाईट काय.

मुलगी नऊ वर्षांची झाली. नेहमीच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं आणि सांगितलं की रक्तात एचआयव्ही आला आहे. मग माझी तपासणी केली. हिच्या बाबांना मुंबईहून बोलावून घेतलं, त्यांचीही केली. त्याआधी दवाखान्यातल्या एका बाईंनी मला जे खासगी प्रश्न विचारले त्यांची उत्तरं मी जमिनीकडे बघून दिली. आम्हा दोघांत काही सापडलं नाही. "मग रक्तातूनच," डॉक्टर म्हणाले. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

पुढे याची चौकशी करायला सरकारची समिती आली. लांब टेबलापलीकडे तीन माणसं, अलीकडे मी. मोठ्या माणसांसमोर माझ्या तोंडाला कोरड पडते. एका साहेबांनी विचारलं, "मुलीला कोणाचं रक्त चढवलं, काही माहीत आहे?"

पाच वर्षं जे जिभेवर होतं तेच आलं. "माझ्या भावाचं, साहेब."

"नेहमी?"

"हो."

त्यांनी लिहून घेतलं. मला वाचायला दिलं होतं, पण मला वाचायला वेळ लागतो आणि ते पेन पुढे करून थांबले होते. मी सही केली.

जबाब बाहेर कसा गेला मला माहीत नाही. आठ दिवसांत शेडमध्ये एक बाई मला म्हणाली, "काय गो, तुझ्या भावाला नक्की झालंय तरी काय?" दुसरी पलीकडून म्हणाली, "बंदराबंदराला लागते बोट. खलाशी काय काय करतात, आपण बघायला जातोय?" सगळ्या हसल्या. मी कोळंबी सोलत राहिले.

भावाचं लग्न ठरलं होतं. नवरीकडच्यांनी निरोप पाठवला की यंदा नको. त्याने स्वतःची तपासणी करून घेतली, त्यात काहीच नव्हतं. तो कागद त्याने बोट चालवणाऱ्या तांडेलाला दाखवला. तांडेल म्हणाला, "माझं काय नाय रे, पण पोरं तुझ्याबरोबर जेवायला बसत नायत." तो गोव्याकडच्या एका बोटीवर निघाला. जाण्याआधी अंगणात उभा राहून म्हणाला, "ताय, एवढ्या पिशव्या दिल्या मी. आणि तू सरकारला माझंच नाव सांगितलंस?"

मुलगी दारात उभी होती. तिच्या डोक्यावर हात न ठेवता तो गेला.

पुढच्या खेपेला रक्तपेढीतल्या बाई माझ्या फायलीत मुलीचा कागद शोधत होत्या. त्यात भावाचं रक्तदानाचं कार्ड होतं. "हे कोणाचं?"

"भावाचं. तोच हिला द्यायचा."

"हिला? अहो ताई, याचा गट बी आहे, हिचा ओ. याचं रक्त हिला चालतच नाही. चढवलं असतं तर तेव्हाच जिवावर बेतलं असतं."

"मग त्याची पिशवी कुठे जायची?"

"साठ्यात. दुसऱ्या कोणाला तरी. तुम्हाला साठ्यातली ओची मिळायची."

मी तिथेच बाकावर बसले. दोन्ही कागदांवर गट लिहिलेला होता. मी चौथी शिकलेली, मला त्याचा अर्थ कळला नाही. पण टेबलापलीकडच्या तिघांना कळला असता. त्यांच्याकडेही ते कागद होतेच. माझ्या एका "हो"वर त्यांचं भागलं.

मी अर्ज लिहायला बसले. चार कागद फाडले. "मी समितीला चुकीचं सांगितलं. मुलीला सुईची भीती वाटायची म्हणून मी तसं म्हणत आले," असं शेवटी लिहिलं. समितीच्या कचेरीत खिडकीवरचे कारकून म्हणाले, "जबाब बदलता येत नाही, पुरवणी जबाब द्या." तो दिला. किती वेळा गेले ते आठवत नाही. एकदा साहेब जेवायला गेलेले, एकदा बदली होऊन गेलेले.

उत्तर आलं ते दोनच ओळींचं. नातेवाईकाचं रक्त या रुग्णाला दिलेलं नाही. रुग्णाला दिलेल्या सर्व पिशव्या नोंदीप्रमाणे तपासलेल्या असून लागण कोणत्या पिशवीतून झाली हे ठरवता येत नाही. डॉक्टरांनी समजावलं की देणाऱ्याला नुकतीच लागण झाली असेल तर काही दिवस ती तपासणीत दिसत नाही. लवकर ओळखणारं मशीन आता मागवलंय, असंही म्हणाले. मी मान हलवली.

उत्तराचा तो कागद मी शेडमध्ये नेला. आयुष्यात चार माणसांत मी कधी काही वाचलं नाही. उभी राहिले आणि एकेक अक्षर लावत पहिली ओळ वाचली. कोणीतरी म्हणालं, "मोठ्याने गो." मी पुन्हा वाचली. सोलणारे हात थांबले. आमच्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "म्हंजे पोरावर उगाच बोल लावला आपण." मग म्हणाली, "येतोय कधी तो?"

ते मला माहीत नव्हतं. कागदाचा फोटो काढून मी भावाला पाठवला. त्याने बघितला, हे फोनवर दिसतं. उत्तर अजून आलेलं नाही.

मुलगी आता अकरा वर्षांची आहे. दुसऱ्या आजाराच्या गोळ्या रोज स्वतः आठवणीने घेते. सरकारच्या उत्तराचा तो कागद तिने माझ्याआधीच वाचला होता. परवा पिशवी लावताना तिने विचारलं, "आई, ही कोणाची?"

"माहीत नाही, बाय."

"असेल कोणाचा तरी मामा," ती म्हणाली आणि हात आपणहून पुढे केला. पूर्वी सुई टोचताना ती पिशवीकडे बघायची. आता भिंतीकडे बघते.