काडेपेट्यांचं कपाट

माझ्या नवऱ्याचं तीस वर्षांचं दुकान मी एका दुपारी मोडलं.
झाडलोट करून.

आज त्यांना, मधुकरांना, जाऊन एक वर्ष झालं, म्हणून ही कबुली.

सेलूत आमचं रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं दुकान. आता रेडिओ कुणी आणत नाही. फवारणी पंपाचे चार्जर, मिक्सर, इन्व्हर्टर येतात. गिऱ्हाईक त्यांना उस्ताद म्हणायचं.

टेबलामागे त्यांनी रिकाम्या काडेपेट्या एकमेकींना चिकटवून कपाट केलं होतं. एकेक पेटी म्हणजे एकेक ड्रॉवर. आत रेझिस्टर, डायोड, तांदळाएवढे स्क्रू.
एकावरही नाव नाही.
विचारलं की म्हणायचे, लेबल कशाला, माझा हात जातो की बरोबर.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. शिवणाच्या तासाला सिस्टर रेशमाच्या लडी रंगाप्रमाणे लावून घ्यायच्या. पसारा मला आजही बघवत नाही.

सहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी ते दोन दिवस बहिणीकडे चुडाव्याला गेले.
मी सगळे ड्रॉवर रिकामे केले, पुसले आणि रेझिस्टर रंगाप्रमाणे लावले. बिस्किटी एकीकडे, आकाशी दुसरीकडे. वर सुंदर अक्षरात चिठ्ठ्या.

ज्यांना यातलं कळतं ते आत्ता हसले असतील.
रेझिस्टरच्या अंगाच्या रंगावरून त्याची व्हॅल्यू, म्हणजे तो वीज किती अडवतो ते, कळत नाही. व्हॅल्यू सांगतात ते त्यावरचे बारीक रंगीत पट्टे.

परत आल्यावर त्यांनी कपाटावरून हात फिरवला. "मॅडम, लय छान दिसायलंय," एवढंच म्हणाले. मॅडम हे मला चिडवायचं नाव.

दुसऱ्या दिवशी एक काका पंपाचा चार्जर घेऊन आले. यांनी पार्ट बदलला, प्लग लावला.
धूर.

"उस्ताद, तुमच्या हातून असं कधी झालं न्हाई," काका म्हणाले.
त्यांना चहा पाजून, नवा चार्जर देतो म्हणून वाटेला लावलं.

मी रडकुंडीला आले होते. माझ्यामुळे झालं म्हणायला लागले, तर त्यांनी थांबवलं.

"तुझ्यामुळं न्हाई. मला रंगच कळंनात. तपकिरी, लाल, नारिंगी, सगळं एकच. वर्ष झालं, नुसत्या जागेच्या अंदाजानं काम करायलोय."

शुगर डोळ्यांत उतरली होती. एका घरात राहून मला पत्ता नव्हता.
मग हळूच म्हणाले, बंद करू आता दुकान.

मी विचारलं, हात थरथरतो का? नाही म्हणाले. कुठला पार्ट गेला ते कळतं ना? कळतं म्हणाले.

"मग डोळे माझे घ्या," मी म्हटलं. "दुकान बंद होणार नाही."

आठवडाभर अर्धं शटर ओढून आम्ही सगळं पुन्हा लावलं. भिंग घेऊन मी पट्टे वाचायचे, ते व्हॅल्यू सांगायचे. तपकिरी, काळा, लाल म्हणजे एक के, हजार ओहम. तपकिरी, काळा, नारिंगी म्हणजे दहा के. माझं चुकलं की मीटरला लावून दाखवायचे. वर टोमणा, कॉन्व्हेंटात रंग शिकवले न्हाईत वाटतं.

कुठली वस्तू कुठे, हे त्यांच्या हातानं ठरवलं. चिठ्ठ्या मात्र माझ्या राहिल्या.

पाच वर्षं आम्ही असे एका टेबलाशी बसलो. बघता बघता बिघाड शोधायला, पार्ट बदलायलाही मी शिकले. गिऱ्हाईक आधी हसायचं. मग "वहिनी, तुमीच बघा" म्हणायला लागलं.
माझ्या संसारातली ती सगळ्यात सुंदर वर्षं.

मागच्या वर्षी, आजच्याच दिवशी, सकाळी ते अचानक गेले.

तेराव्यानंतर लेक म्हणाली, आई, सामान कुणाला तरी देऊन टाकू, तू पुण्याला चल.
मी दुकान उघडलं.

एकटीनं केलेला पहिला बोर्ड. पट्टे तीनदा वाचले. प्लग लावताना डोळे मिटून घेतले.
उघडले तेव्हा बोर्डवरचा दिवा लागला होता.

आज सकाळी एक बाई मिक्सर घेऊन आल्या. उस्ताद आहेत का म्हणाल्या.
म्हटलं, नाहीत. द्या इकडं.

मधुकर, तुम्ही निवांत राहा. काम चालू आहे.
मनापासून नमस्कार.