टाकीखालची गाठ

गाड्यांचं वायरिंग करणारे नरसय्या अण्णा गिऱ्हाइकाच्या मोटरसायकलवर मागे बसायचे ते हातात दिवा घेऊन, आणि तेही भर दुपारी. दिवा म्हणजे इंडिकेटरचा छोटा बल्ब. त्याला लांब वायरी जोडलेल्या आणि त्यांची टोकं सीटखाली गाडीच्या वायरिंगला अडकवलेली. मालकाने गाडी चालवायची आणि अण्णांनी मागे बसून बल्बकडे टक लावून बघायचं. बल्ब विझला की त्या क्षणी करंट तुटला हे कळायचं. सोलापुरातल्या साखर पेठेतली माणसं ही वरात बघून हसायची. "अण्णा, ऊन कमी पडलं का?" असं कुणी ओरडलं, तर बल्बवरची नजर न काढता ते म्हणायचे, "तू दिसायलास की, तेवढं बास."

ही सगळी खटपट असायची ती रस्त्यात मधूनच बंद पडणाऱ्या आणि मेकॅनिकसमोर सुतासारख्या सरळ चालणाऱ्या गाड्यांसाठी. माझी गाडी त्याच जातीची होती. मी पशुधन पर्यवेक्षक. राहायला जुळे सोलापूरला आणि काम अक्कलकोटच्या बाजूच्या गावांत. गाव जवळ आलं की गाडी अचानक गप व्हायची. लाइट नाही, हॉर्न नाही, काही नाही. बाजूला घेऊन जरा वेळ थांबलो की पुन्हा चालू. अण्णांच्या दुकानात नेली की पहिल्या किकला चालू. ताप म्हणून आणलेलं पोर दवाखान्याच्या पायरीवर हसायला लागावं, तशी माझी गत व्हायची. पण "तुला भास होतोय" असं अण्णा कधी म्हणाले नाहीत. त्यांचा नियम ठरलेला होता. डोळ्यांदेखत बंद पडल्याशिवाय वायरिंगला हात लावायचा नाही. "चालू गाडीत फॉल्ट हुडकणारा सवता नवा फॉल्ट करून ठेवतंय," असं ते म्हणत.

अण्णांचं घराणं मागावरचं. तरुणपणी त्यांनी स्वतःही माग चालवला होता. माग गेला, पण तुटलेला धागा जोडायची बोटांची सवय गेली नाही. वायरचा जॉइंट केला, वर टेप गुंडाळली की ते भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं लाल सूत घ्यायचे आणि टेपवर आवळून विणकराची गाठ मारायचे. शेपूट इतकं बारीक कापायचे की नखातही धरता येऊ नये. "टेप दगा देतंय. सूत देत न्हाय." आमची ओळख झाली तीच अशा एका गाठीवरून. माझ्या गाडीची टाकीखालची वायर उंदराने कुरतडली होती, ती अण्णांनी जोडून दिली. ती लाल गाठ मला इतकी आवडली की मी ऑफिसात जाऊन त्या गाठीचं कौतुक सांगितलं. ऑफिसातल्यांना त्यात कौतुकासारखं काही दिसलं नाही, ही गोष्ट वेगळी.

हात सोन्याचा, पण तोंड फार वाईट. दुसऱ्याने केलेला जॉइंट दिसला की अण्णा तो चिमटीत धरून रस्त्यावर आणायचे. समोरच रशीदभाईंचं गॅरेज. चाळिशीचा, शांत, आपण भले, आपलं काम भलं असा माणूस. त्यांच्या दिशेने जॉइंट उंच करून अण्णा विचारायचे, "ह्ये कुठल्या कारागिराचं म्हणायचं?" रशीदभाई हसून पाना फिरवत राहायचे.

एकदा अण्णा लग्नाला तेलंगणात गेलेले असताना मी रशीदभाईंकडून हॉर्न बदलून घेतला. गाडी बंद पडायला लागली ती त्यानंतर. अण्णा दिवा घेऊन मागे बसले, होटगी रोडवर आम्ही फिर फिर फिरलो, बल्ब एकदाही विझेना. शेवटी त्यांनी विचारलं, "माझ्यामागं हात कुणी लावला हिला?" मी हॉर्नचं सांगितलं. अण्णांनी नुसती मान हलवली. त्यांच्या हिशेबी निकाल लागला होता.

मग ती सकाळ उजाडली. एका गावातून फोन आला, म्हैस अडली आहे, लगेच या. मी निघालो आणि गाव दिसायच्या टप्प्यात गाडी बंद पडली. चालू झाली, पुन्हा पडली. मी पोचलो तेव्हा म्हैस वाचण्यासारखी होती, रेडकू नव्हतं. घरातल्या म्हातारीने मला हात धुवायला पाणी आणून दिलं. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तसाच चिखलाच्या कपड्यांनी मी अण्णांकडे आलो. माझं ऐकून अण्णा उठले ते थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"रशीद! येत न्हाय तर हात कशाला लावतोस रे? मुकं जनावर मेलं तितं, तुझ्या हातानं!"

रशीदभाईंकडे तेव्हा गिऱ्हाईक होतं. हातातला पाना खाली ठेवत ते म्हणाले, "क्या अण्णा, मैं तो सिरफ हॉर्न बदल्या. वायरिंगकू हात भी नै लगाया."

"मग माझ्या हातानं मेलं काय?"

एक गिऱ्हाईक हळूच आपली गाडी स्टँडवरून काढून निघून गेलं. रशीदभाई हॉर्न बदलत होते तेव्हा मी शेजारीच उभा होतो. त्यांनी हॉर्नखेरीज कशालाही हात लावला नव्हता, हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. डोक्यात ते रेडकू होतं आणि दोष द्यायला कुणीतरी मिळालं होतं.

रविवारी अण्णा म्हणाले, "चल, त्याच गावाला. गुळगुळीत रोडवर ती कशाला दावंल?" दिवा घेऊन ते मागे बसले. डांबर संपलं, खड्डे सुरू झाले आणि गाडी मेली. माझ्या खांद्याजवळचा बल्ब विझलेला. मी सवयीने गाडी बाजूला घेऊन स्टँडला पाय लावला, तेवढ्यात अण्णा ओरडले, "स्टँड लावू नको! हाय तसं धर!"

मी गाडी सरळ धरून उभा राहिलो. अण्णांनी पुढे येऊन हँडल सावकाश डावीकडे वळवलं. बल्ब लागला. उजवीकडे वळवलं, विझला. पुन्हा डावीकडे, पुन्हा लागला.

"बंद पडल्यावर दरवेळी स्टँड लावतोस?"

"लावतो की."

"स्टँडवर गाडी कलती, हँडल डावीकडं पडतंय, आन् करंट येतंय. माझ्या दुकानातबी ती स्टँडवरच हुबी असती." त्यांचा चेहरा खुलला होता. फॉल्ट सापडला की अण्णा दहा वर्षांनी तरुण दिसायचे. "हँडलपाशी वायर तुटल्याय. थांब, त्या रशीदचं काम दावतो तुला."

त्यांनी तिथेच सीट काढली, टाकी सैल करून मागे ओढली आणि हँडलच्या मानेपाशी बोट घातलं. बोट तिथेच थांबलं. मी वाकून बघितलं. धुळीने काळपट झालेलं लाल सूत, आणि शेपूट दिसणारही नाही अशी विणकराची गाठ.

उंदराच्या वेळचा तो जॉइंट. हँडल वळलं की वायर जिथे वाकते, नेमका तिथे. त्यावर सूत आवळून बांधलेलं, म्हणून वायर रोज एकाच जागी मोडत राहिली. वरचं आवरण शाबूत, आत तांबं तुटलेलं. टोकाला टोक टेकलं की करंट जायचा, धक्का बसला की सुटायचा.

अण्णा बांधावर जाऊन बसले. मग म्हणाले, "डॉक्टर, ते रेडकू माझ्या हातानं गेलं."

मला ते बघवेना. मी म्हणालो, "अण्णा, कापून टाका ती गाठ. इथं कोण बघतंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू बघायलास की."

मी मान खाली घातली. अण्णांनी गाठीला हात लावला नाही. बाजूने दुसरी वायर जोडून गाडी चालू केली. परत येताना दिवा खिशात होता.

गाडी त्यांनी रशीदभाईंच्या दारात उभी करायला लावली. गिऱ्हाइकं होती, चहावाला होता. अण्णांनी टाकी मागे ओढली. "रशीद, बघ. ही गाठ कुणाची?"

रशीदभाईंनी वाकून बघितलं. त्या रस्त्यावर ती गाठ कुणाची हे चहावाल्यालाही माहीत होतं. ते सरळ झाले, हात पुसले आणि हळू आवाजात म्हणाले, "हुंगी किसीकी, अण्णा. जाने देव."

त्यांनी राखलेली ती अब्रू अण्णांना सोसली नाही. "माझं नाव घे. त्या दिवशी मी रस्त्यात ओरडलो ना? तसं मोठ्यानं घे."

रशीदभाईंनी नाव घेतलं नाही. मग अण्णाच ओरडले, "माझी हाय! नरसय्याची हाय! रशीदचं कायबी चुकलं न्हाय!" आणि रस्ता ओलांडून दुकानात जाऊन पाठमोरे बसले. त्याच वेळी मीही पुढे होऊन मला जे माहीत होतं ते सांगायला हवं होतं. मी टाकी बसवत राहिलो.

त्यानंतर अण्णांनी खिळ्यावरचं सूत काढून टाकलं. चौकात उभे राहून जुन्या गिऱ्हाइकांना अडवायचे. "थांब, टाकी काढू दे." कुणी म्हणालं, "अण्णा, मस्त चाललीय गाडी," तर म्हणायचे, "चालू हाय म्हणून सांगू नको मला." जिथे जिथे वाकणाऱ्या जागी गाठ सापडली, तिथे अख्खी वायर बदलून दिली. लोक हसायचे. अण्णा आता उत्तर देत नसत. दुसऱ्याचा जॉइंट चिमटीत धरून रस्त्यावर आणणंही थांबलं. खरं सांगायचं तर मला ते जुने, तोंडाळ अण्णा हवे होते.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. माझी गाडी रशीदभाईंकडे असते. परवा मी तिथे बसलो होतो, तर कुर्डुवाडीचा एक माणूस हेडलाइटसाठी गाडी घेऊन आला. रशीदभाईंनी सीट काढली. आत सरळ गेलेल्या वायरवर लाल सुताची गाठ होती. रशीदभाईंनी वायर ओढून बघितली, हलवून बघितली. जॉइंट पक्का होता.

"हे काय बांधलंय? काढून टाका की," तो माणूस म्हणाला.

"ते काढायचं नाय."

"का? कुणी केलंय हे?"

रशीदभाई उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या कव्हरांच्या दुकानाकडे बघितलं, आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "नरसय्या अण्णांनी!"

याच रस्त्यावर दोनदा गप्प राहिलेल्या मला मान वर करता आली नाही.