निळ्या केसांच्या पोरीचा हेवा

मंडळी, आज दुपारी मी एका कार्टूनमधल्या पोरीवर जळले. हसा खुशाल.

घाटकोपरला बाबांकडे जेवायला गेले होते. भाची टीव्हीवर अ‍ॅनिमे लावून बसली होती. अंतराळातला एक कारखाना बंद पडतो. बाप आपल्या निळ्या केसांच्या मुलीला समोर बसवतो, "माझं काम गेलं" असं सरळ सांगतो आणि दोघं रडतात. इतकं खरं की माझा घास हातातच राहिला.

आणि पुढे काय, तर एक अजस्र रोबो येतो, मारामारी होते, कारखाना पुन्हा सुरू. वाट लावली सगळ्याची. मी बडबडायला लागले तर भाची म्हणते, "मावशी, चिल ना यार, कार्टून आहे."

पण खरं दुखणं रोबोचं नव्हतंच.

ऐंशीच्या दशकात बाबांची गिरणी बंद पडली, तेव्हा आम्हा चार भावंडांना कोणी काही सांगितलं नाही. दर दिवाळीला बाबा गिरणीतून कापड आणायचे, चौघांचे कपडे एकाच ताग्यातले. त्या वर्षी आईने खिडकीचा पडदा उतरवून माझा फ्रॉक शिवला. मी काय ते समजले.

आज कार्टून चालू असताना बाबा मागे खुर्चीत होते. मला वाटलं झोपलेत. ते संपल्यावर हळूच मालवणीत म्हणाले, "त्याचा बरा आसा. एकाच चेडवाक सांगूचा होता."

कार्टूनमधल्या त्या बापाला सांगायला एकच मुलगी, आणि आम्ही चौघं. म्हणजे इतकी वर्षं ते मनात घोळवत होते, कोणाला आधी सांगायचं.

तुमच्या घरी कोणी सांगितलं होतं, की तुम्हीही पडद्यावरूनच ओळखलंत?